मदत हवी आहे: घाटात गाडी हीट होते, इंजिन खोलण्याआधी समजून घ्यायचं आहे

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातला. घरी मामांकडून आलेली जुनी पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडरची. वडिलांना तपासणीसाठी बीडला न्यावं लागतं, त्यामुळे गाडी भरवशाची हवी. रस्त्यात त्यांना उन्हात बसवून ठेवायची वेळ येऊ नये एवढंच मला पाहिजे.

अडचण अशी आहे. सपाट रस्त्याला तापमानाचा काटा मधोमध असतो. परतताना पालीच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट लागला आणि एसी चालू असला की काटा वर सरकायला लागतो. वर पोचून नेकनूरच्या रस्त्याला लागलो की आपोआप खाली येतो. गर्दीत उभ्या गाडीला काही होत नाही, फॅन वेळेवर लागतो आणि बंदही होतो. रेडिएटरच्या बाजूच्या डब्यातलं पाणी मात्र थोडं थोडं उतरतं, खाली ओल दिसत नाही. नेमकं पाणी कुठं मुरतंय तेच कळेना.

एक फिटर म्हणतो हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेकू, आपल्या उन्हाला तो लागतोच कशाला. दोघंही जुने, अनुभवी आहेत. पैसे खर्च करायला ना नाही, पण कशावर करतोय ते कळायला पाहिजे.

मला एवढंच माहीत आहे की आत पेट्रोल जळतं आणि पिस्टन हलतो. मग रोज आत जाळ होऊनही इंजिन वितळत का नाही? चढालाच का तापतं? गॅस्केटचा पाण्याशी काय संबंध? मामा कायम बोअरचंच पाणी भरायचे, त्यानं काही बिघडतं का? कृपया सोपं करून सांगा.

प्रतिसाद १

दादा, घाईनं इंजिन खोलू नका. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं काम झालंय.

आधी आतलं सांगतो. पिस्टन खाली येतो, इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं. मग व्हॉल्व्ह बंद होतो आणि पिस्टन वर जाऊन तेच मिश्रण साधारण दहाव्या हिश्शाच्या जागेत दाबतो. प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं, तापलेला वायू फुगून पिस्टनला जोरात खाली ढकलतो. चारांपैकी ताकद देणारा फटका हा एवढाच. शेवटी पिस्टन वर येताना जळका धूर एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर लोटतो. निकोलाउस ऑटो या जर्मन माणसानं १८७६ मध्ये हे चक्र इंजिनात चालवून दाखवलं, आजही तेच चालू आहे. पिस्टनच्या या चार फेऱ्यांत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दोनदा फिरते. म्हणजे ती मिनिटाला ३००० वेळा फिरत असेल (३००० आरपीएम) तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा जाळ होतो.

त्या जाळाचं तापमान २००० अंशांच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी हेड टिकतं, कारण जाळ क्षणभराचा असतो आणि सिलिंडरच्या भोवती, हेडच्या आत पाणी सतत खेळतं ठेवलेलं असतं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा फार तर एक तृतीयांश भाग चाकं फिरवायच्या कामी येतो. साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि जवळपास तेवढीच पाण्यात उतरते. ती बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं.

आता तुमचा घाट घ्या. चढाला ताकद जास्त लागते, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, दर फेरीला जास्त पेट्रोल जळतं. वेग मात्र कमी, म्हणून समोरून येणारी हवा कमी. त्यात एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढंच बसवलेला असतो, म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा. उभ्या गाडीत उष्णता थोडीच तयार होते, ती फॅन सहज ओढून नेतो. म्हणून माझा संशय फॅनवर नाही, रेडिएटरवर आहे. नेहमीचं ओझं तो पेलतो, घाटातलं पेलत नाही.

बोअरच्या पाण्याबद्दल स्पष्ट सांगतो, ते बंद करा. आपलं काळ्या दगडातलं पाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा क्षार बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, फक्त थंडीच्या दिवसांसाठी असतो हा गैरसमज आहे. तो गंज धरू देत नाही आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतो.

हेड गॅस्केट म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधला पातळ पत्रा. जाळ, पाणी आणि ऑइल यांना तो एकमेकांपासून वेगळं ठेवतो. तो फुटला तर जळका वायू पाण्यात शिरतो, डब्यात बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटत राहतो. यातलं काही दिसतंय का ते आधी पाहा. पक्की खात्री हवी असेल तर एक निळं टेस्ट लिक्विड मिळतं. रेडिएटरच्या तोंडावर धरल्यावर ते पिवळं पडलं तर समजा पाण्यात जळका वायू आहे.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप, काढू देऊ नका. इंजिन लवकर तापावं आणि नंतर एका ठरावीक तापमानाला राहावं यासाठी तो असतो, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. काढला तर इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो. शंका असेल तर काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून बघा, उघडतो की नाही ते डोळ्यांसमोर दिसेल.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एक कळकळीची विनंती, गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर उडतं. घाटात काटा चढला तर एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर फुल करा, तोही इंजिनातली उष्णता ओढतो. वरच्या गिअरात रेटू नका. एक गिअर खाली घेतला तर वॉटर पंपही जोरात फिरतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. सकाळी गार गाडीचं झाकण काढलं. पाणी तांबूस आहे आणि तोंडाशी आतून पांढरी खपली धरलीय, नखानं खरवडली तर तुकडा निघाला. गाडी चालू करून पाहिली, बुडबुडे नाहीत. ऑइलची पट्टी स्वच्छ आहे, धूरही नाही. झाकणाचं रबर मात्र कडक होऊन चिरलंय. आणि एसीची जाळी व रेडिएटर यांच्या फटीत माती आणि कापसाचे तंतू घट्ट बसलेत. आता फिटरला नेमकं काय सांगू?

प्रतिसाद १

आधी झाकण बदला. डब्यातलं पाणी का उतरतं याचं उत्तर बहुधा तिथंच आहे. दाब धरला नाही की पाणी लवकर उकळतं आणि वाफ होऊन जातं, म्हणून खाली ओल दिसत नाही. मग फटीतली माती आतल्या बाजूनं बाहेर, हलक्या धारेनं धुवायला सांगा. जोराच्या प्रेशरनं पाती दुमडतात. त्यानंतर फ्लशिंग, म्हणजे रेडिएटर आतून धुऊन क्षार आणि गंज काढणं. ॲसिड घालू देऊ नका, ते ॲल्युमिनियम खातं. एवढं करूनही घाटात काटा चढला तर रेडिएटर नवीन घ्या, इंजिन खोलण्यापेक्षा ते स्वस्तात पडतं. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, आणि अडकलेली हवा पूर्ण निघेपर्यंत समोर उभं राहून काम करून घ्या. वडिलांना न्यायच्या आधी एकदा रिकामी गाडी घाटातून वर नेऊन बघा, एसी लावून, आणि काटा कुठं थांबतो ते इथं नक्की लिहा.