मदत हवी आहे: पीसी निवांत असला की लिनक्ससीएनसी अडखळतं, सीपीयूच्या /सिस मधल्या फाइली नक्की कशा वापरायच्या?

अंबड_मिलिंग

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. जुन्या मिलिंग मशीनचा कंट्रोलर गेला तेव्हा नवा परवडणारा नव्हता, म्हणून पीसीवरून मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी टाकलं. पीसी सेकंडहँड: कोअर आय३-४१३०, ८ जीबी रॅम, डेबियन १२, रिअल-टाइम (कामं ठरल्या वेळेत करणारा) कर्नल. ड्राइव्हना पल्स इथरनेटवरच्या कार्डातून जातात, त्यामुळे पीसीवर फक्त सर्व्हो थ्रेड (दर १ मिलिसेकंदाला धावणारं काम) आहे, पीसीवरच पल्स काढणारा वेगवान बेस थ्रेड नाही.

दुखणं विचित्र आहे. पीसीवर ड्रॉइंग उघडलेलं, वर ऑपरेटरने गाणी लावलेली, अशा वेळी मशीन दिवसभर बिनतक्रार चालतं. बाकी सगळं बंद करून नुसता जॉब लावला की मध्येच 'अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले' येतं, आणि कधी कधी कार्डाचा संपर्क तुटून मशीन उभं राहतं. परवा एन्डमिल पॉकेटमध्येच थांबली, चांगला ॲल्युमिनियमचा ब्लॉक भंगारात गेला. लोड असताना अडखळलं असतं तर समजलो असतो, हे उलटंच आहे.

शोधाशोध करताना /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू हे फोल्डर सापडलं. (मोबाइलवरून मराठी कीबोर्डने लिहितोय, फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे समजून घ्या.) आत जे दिसलं ते असं: ऑनलाइन या फाइलीत ०-३. स्केलिंग_ड्रायव्हर इंटेल_सीपीयूफ्रीक, गव्हर्नर (सीपीयूची वारंवारता ठरवणारं धोरण) स्केडयूटिल. /प्रॉक/सीपीयूइन्फो मध्ये मेगाहर्ट्झ कधी ८००, कधी ३४००. २ आणि ३ हे सीपीयू इतर कामांपासून राखून ठेवायला बूट ओळीत मी आयसोलसीपीयूज=२,३ दिलेलं आहे आणि आयसोलेटेड या फाइलीत २-३ दिसतं, म्हणजे ते लागू झालंय.

अडलंय ते इथे. गव्हर्नर बदलायला 'सुडो इको परफॉर्मन्स > स्केलिंग_गव्हर्नर' दिलं तर परमिशन डिनाइड येतं. सुडो असूनही? रूट होऊन बदललं तर बदलतं, पण रीबूट झाला की जैसे थे. सीपीयू१, २, ३ च्या फोल्डरमध्ये ऑनलाइन नावाची फाइल आहे, सीपीयू० मध्ये नाही. काही बिघडलंय का? आणि या सगळ्या फाइलींची साइज ४०९६ दाखवते, आत मात्र एखादाच आकडा. या खऱ्या फाइली आहेत तरी का?

विंडोज_बरा

एवढा खटाटोप कशाला, सरळ रेडीमेड कंट्रोलर बसवा.

अंबड_मिलिंग

दादा, त्या पैशात मी दुसरं मशीन घेईन.

गोदाकाठ

आधी किरकोळ शंका उरकतो.

नाही, त्या डिस्कवरच्या फाइली नाहीत. /सिस ही कर्नलने मेमरीत उभी केलेली फाइलसिस्टिम आहे, २००३च्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलपासूनची. त्याआधी सगळा कारभार /प्रॉक मध्ये चालायचा आणि तिथे प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने मजकूर ओतला होता. सीपीयूइन्फो उघडून बघा, माणसाला वाचायला ठीक, स्क्रिप्टला डोकेदुखी. म्हणून /सिस मध्ये शिस्त ठेवली: शक्यतो एका फाइलीत एकच किंमत. सरकारी ऑफिसातल्या खिडकीसारखं समजा. तुम्ही कॅट करता (फाइल वाचता) तेव्हा आत कर्नलचं एक फंक्शन धावतं आणि त्या क्षणीचं उत्तर लिहून बाहेर देतं. लिहिता तेव्हा दुसरं फंक्शन तुमचा अर्ज घेतं, तपासतं, पटला तर अंमलात आणतं, नाहीतर एरर देऊन परत पाठवतं. ४०९६ म्हणजे मेमरीच्या एका पानाचा आकार. आत काय आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

सुडोचं असं की > हे चिन्ह तुमचं शेल हाताळतं. फाइल उघडायचा प्रयत्न तुमच्याच नावाने होतो, सुडो मिळतो फक्त इकोला. त्यामुळे 'इको परफॉर्मन्स | सुडो टी' आणि पुढे फाइलचा पत्ता, असं द्या.

सीपीयू० मध्ये ऑनलाइन फाइल नसणं बरोबर आहे. एक्स-८६ मशीन त्याच सीपीयूवर बूट होतं, त्यामुळे तो बंद करायची सोय दिलेली नाही. बाकीच्यांच्या फाइलीत ० लिहिलं की ते बंद, १ लिहिलं की चालू.

रीबूटनंतर टिकवायला /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी मध्ये शेवटी .कॉन्फ असलेली एक फाइल करा. ओळीत आधी डब्ल्यू हे अक्षर, मग पूर्ण पत्ता, मग चार डॅश, शेवटी किंमत. पत्त्यात तारांकन चालतं, त्यामुळे चारही सीपीयूंसाठी एकच ओळ पुरते.

सिन्नरकर

गोदाकाठ यांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण गव्हर्नर हे मूळ दुखणं नाही. 'निवांत असला की अडखळतं' यातच उत्तर आहे. तुमचा सीपीयू झोपतोय.

वारंवारता कमी होणं वेगळं आणि झोपणं वेगळं. काम नसेल तेव्हा कर्नल सीपीयूला सी-स्टेटमध्ये पाठवतो. जितकी गाढ झोप तितकी वीज कमी, आणि तितका जागं व्हायला वेळ जास्त. हा वेळ कर्नल तुम्हाला फाइलीतच सांगतो. सीपीयू३/सीपीयूआयडल मध्ये स्टेट०, स्टेट१ अशी फोल्डरं आहेत. प्रत्येकातली नेम आणि लेटन्सी वाचा, लेटन्सी मायक्रोसेकंदात असते. शिवाय यूसेज मध्ये त्या स्टेटमध्ये किती वेळा गेला तेही मिळेल. इथे टाका.

अंबड_मिलिंग

पोल ०, सी१ २, सी१ई १०, सी३ ३३, सी६ १३३, सी७एस १६६. जॉब चालू ठेवून यूसेज पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटच्या दोन्हींचे आकडे भराभर चढतात. गाणी लावली की चढणं मंदावतं!

सिन्नरकर

मग झालं. बेस थ्रेडवाल्या जुन्या सेटअपमध्ये हे फारसं दिसत नाही, कारण दर २५ मायक्रोसेकंदांनी टायमर वाजणार हे कर्नलला आधीच माहीत असतं आणि तो गाढ झोपेच्या भानगडीत पडत नाही. तुमच्याकडे दोन हाकांमध्ये अख्खा मिलिसेकंद आहे. तेवढ्यात तो खुशाल सी६ मध्ये जाऊन येतो.

आता प्रामाणिकपणे बघू. एकट्या १३३ मायक्रोसेकंदांनी १ मिलिसेकंदाचं गणित मोडत नाही. पण साखळी बघा: थ्रेडचा सीपीयू झोपलेला, नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट (पॅकेट आल्याची हाक) घेणारा सीपीयूही झोपलेला, उठल्यावर दोघेही ८०० मेगाहर्ट्झवर रांगतात, आणि नेटवर्क चिप पॅकेट लगेच न देता थोडं साठवून देते. सगळं एकाच वेळी आलं की वेळ संपते आणि कार्ड हात वर करतं.

स्टेट३, स्टेट४ आणि स्टेट५ यांच्या डिसेबल फाइलीत १ लिहा, सगळ्या सीपीयूंसाठी. सी१ आणि सी१ई राहू द्या. त्यासोबत गव्हर्नर परफॉर्मन्स. आणि तुमची नेटवर्क चिप इंटेलची असेल तर ईथटूल या कमांडने आरएक्स-युसेक्स ० करा, म्हणजे साठवणूक बंद. /प्रॉक/इंटरप्ट्स मधून तिचा नंबर शोधून /प्रॉक/आयआरक्यू मधल्या त्या नंबरच्या फोल्डरात एसएमपी_ॲफिनिटी_लिस्ट आहे. आमच्याकडे माळेगावला तो इंटरप्ट थ्रेडच्याच सीपीयूला बांधल्यावर फरक पडला. आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट सीपीयूंमध्ये वाटणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर तो हे परत फिरवून ठेवेल, म्हणून तो बंद.

कट्ट्यावरचा_कर्नल

बूट ओळीत इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ देऊनही काम होतं. तिथे चुकून ० देऊ नका. त्याने इंटेलचा ड्रायव्हरच बाजूला होतो आणि एसीपीआयवाला (बायोसने दिलेल्या माहितीवर चालणारा) जागा घेतो, मग झोप परत सुरू.

/डेव्ह/सीपीयू_डीएमए_लेटन्सी नावाची आणखी एक फाइल सापडेल. तिच्यात 'मला इतक्या मायक्रोसेकंदांच्या आत जाग हवी' असं लिहायचं असतं. पण ती विनंती फाइल उघडी असेपर्यंतच टिकते. इको लिहितो आणि लगेच फाइल बंद करतो, त्यामुळे इकोने काहीच हाती लागत नाही, एररही येत नाही. फाइल धरून बसणारा छोटा प्रोग्रॅम लागतो. तुमच्यासाठी सिन्नरकरांचा मार्ग सोपा.

मला मात्र तुमचं आयसोलसीपीयूज=२,३ खटकतंय. सीपीयू० आणि सीपीयू१ च्या टोपोलॉजी फोल्डरमधली थ्रेड_सिब्लिंग्स_लिस्ट वाचून सांगा.

अंबड_मिलिंग

सीपीयू० मध्ये ०,२ आणि सीपीयू१ मध्ये १,३.

कट्ट्यावरचा_कर्नल

वाटलंच. आय३-४१३० मध्ये खरे कोअर दोनच, चार दिसतात ते हायपरथ्रेडिंगमुळे. २ हा ०चा जोडीदार, ३ हा १चा. तुम्ही २ आणि ३ वेगळे काढलेत म्हणजे दोन्ही कोअरचा अर्धा अर्धा भाग राखून ठेवलात. लिनक्ससीएनसीचा थ्रेड शेवटच्या, म्हणजे ३ नंबरवर बसतो, आणि त्याच कोअरच्या दुसऱ्या अंगावर १ नंबरवर तुमचा डेस्कटॉप नाचतो. कॅशही दोघांत एकच. कॅश/इंडेक्स० मधली शेअर्ड_सीपीयू_लिस्ट वाचलीत तर तिथेही १,३ दिसेल.

दोन पर्याय. आयसोलसीपीयूज=१,३ करा, म्हणजे एक पूर्ण कोअर राखला जाईल. किंवा हायपरथ्रेडिंगच बंद करा. मी हेच करेन. आधी तात्पुरतं करून बघायला एसएमटी/कंट्रोल मध्ये (एसएमटी म्हणजे हायपरथ्रेडिंगच) ऑफ लिहा, ऑनलाइन फाइलीत ०-१ एवढंच उरेल. ही सोय २०१८मध्ये सुरक्षेच्या भोकांमुळे आली, पण आपल्या कामाला अगदी बेतून आली आहे. फोर्सऑफ लिहू नका, ते रीबूटशिवाय परत फिरत नाही. पटलं की बायोसमधून कायमचं बंद करा आणि आयसोलसीपीयूज=१ ठेवा. आयसोलेटेड ही फाइल नुसती वाचायची आहे, तिच्यात लिहून काही होणार नाही. बदल बूट ओळीतच.

गंगापूररोड_ताई

मध्येच विचारते, माझा प्रश्न लॅपटॉपचा आहे. हे सगळं कॉलेजच्या लॅपटॉपवर केलं तर तो वेगवान होईल का?

सिन्नरकर

नाही ताई, बॅटरी मात्र वेगाने उतरेल. इथे हवाय तो वक्तशीरपणा, वेग नव्हे.

अंबड_मिलिंग

केलं सगळं. बायोसमधून हायपरथ्रेडिंग बंद, आयसोलसीपीयूज=१, सी३पासून पुढच्या स्टेट बंद, परफॉर्मन्स, टीएमपीफाइल्सची ओळ. लेटन्सी टेस्टमध्ये निवांत पीसीवर कमाल जिटर (ठरल्या वेळेपासूनचा फरक) २१० मायक्रोसेकंदांच्या आसपास जायचा, आता २०च्या आत राहतो. रात्रपाळीत जॉब लावला, एकही एरर नाही. मनापासून धन्यवाद.

एकच शिल्लक आहे. बऱ्याच वेळाने एखादी उडी ९०पर्यंत जाते. मशीन थांबत नाही, पण डोळ्यात खुपते.

कट्ट्यावरचा_कर्नल

टर्बोस्टॅट ही कमांड चालवा आणि एसएमआय हा स्तंभ बघा. उडी आणि तो आकडा बरोबरच वाढत असतील तर ते बायोसचं काम आहे. फर्मवेअर मधूनच सीपीयू हिसकावून घेतो आणि कर्नलला पत्ताही लागत नाही, त्यामुळे ते थांबवायला /सिस मध्ये एकही फाइल नाही. हा आकडा प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमधून येतो, /डेव्ह/सीपीयू/१/एमएसआर या फाइलीतून. बायोसमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट बंद करून बघा, बऱ्याचदा तोच असतो. आधी कीबोर्ड बायोसनंतरही चालतो ना याची खात्री करून घ्या.

गोदाकाठ

आणखी एक. झोप काढून घेतली म्हणजे प्रोसेसर आता कायम तापलेला राहणार, आणि एप्रिल-मेमध्ये अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. /सिस/क्लास/थर्मल मधल्या झोनच्या टेंप फाइलीत तापमान एक हजारपट करून लिहिलेलं असतं, ६८००० म्हणजे ६८ अंश. आणि सीपीयू१/थर्मल_थ्रॉटल मधली कोअर_थ्रॉटल_काउंट रोज संध्याकाळी एकदा वाचत जा. शून्याच्या पुढे सरकली तर कर्नलशी झगडण्याआधी कॅबिनेट उघडा. कूलंटच्या धुक्याने आणि धातूच्या चुऱ्याने पंखा गच्च झालेला असेल.

अंबड_मिलिंग

एसएमआय वाढतोय, उडीबरोबरच. आज शिफ्ट सुटली की यूएसबीचं करतो. काउंट सध्या शून्य आहे.