मदत हवी आहे: बाबांची जुनी कॅसेट मोबाईलवर कशी घ्यायची?

माळा आवरताना बाबांची एक 90 मिनिटांची कॅसेट सापडली, वर त्यांच्या अक्षरात नुसतं ‘आपली आवड’ (रेडिओवरचा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम) लिहिलंय. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली असणार, कारण बाबूजींचं (सुधीर फडके) गाणं ऐन रंगात आलेलं असताना मागून आजीचा आवाज येतो, ‘अरे दूध उतू चाललंय, बघा कुणीतरी!’ आजीचा आवाज असलेली आमच्याकडे ही एवढी एकच गोष्ट आहे हो. गाणी काय, यूट्यूबवर हवी तेव्हा मिळतात, पण ते दूध तिथे कुठे उतू जाणार 😅

तर प्रॉब्लेम असा की बी साइडला आवाज एकदम दबल्यासारखा येतोय, आतली स्पंजची छोटी गादी निघालीय बहुतेक, आणि एकदा तर टेप प्लेअरमध्ये अडकली, पेन्सिलीने गुंडाळून कशीबशी सोडवली. आता परत लावायची भीतीच वाटते. दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात ही टेप बसवता येते का? हेडफोनच्या भोकातून वायर लावून लॅपटॉपवर ऑडासिटीत (आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) घेतलं तर बरं येईल का? पुण्यात खात्रीने करून देणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, कॅसेट कुरियरने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन.