वुच शहराचं नाव पाउंडाच्या चिन्हाने का सुरू होतंय?

टंकवेडी
पोलिशमधून भाषांतरं करते. एका ग्राहकाने पोलंडमधल्या जुन्या पत्त्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर) फाइल पाठवली आहे, अठराशेच्या आसपास ओळी. एक्सेलमध्ये उघडली की गावांच्या नावांचा पार चिवडा. वुचच्या स्पेलिंगमध्ये अक्षरं चार, त्यातला फक्त डी साधा. पहिला, म्हणजे पोटातून तिरकी रेघ गेलेला एल, त्याच्या जागी चक्क पाउंडाचं चिन्ह. व्रोत्स्वाफच्या मधोमध वर चढलेला बारीक ३ बसलाय. क्राकूफ मात्र ठणठणीत! ओवरची तिरकी रेघसुद्धा जागच्या जागी. एकाच फाइलीत एक गाव शुद्ध आणि दुसरं भ्रष्ट, हे कसं?

श्रीलिपीच्या (यूनिकोडआधीच्या देवनागरी फाँटांच्या) काळातली असल्यामुळे आधी फाँट बदलून पाहिले. पंधरा-वीस तरी. पाउंड प्रत्येक वेळी निराळ्या वळणाचा दिसला, एवढंच. काल रात्री वैतागून 'शोधा आणि बदला' करायला बसले, साठेक ओळींनंतर डोळे मिटायला लागले.

जुनाखिळा
हाताने काही करू नका, थांबा. वुचचं शेवटचं अक्षर कसं दिसतंय ते सांगा. टिंबं आहेत का?

टंकवेडी
हो. कॅपिटल वाय, डोक्यावर दोन टिंबं. मूळ अक्षर झेडवर तिरकी रेघ असं आहे.

जुनाखिळा
मग फाइल विंडोज १२५० मधली आहे. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आकड्याने साठवतो, आणि कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारा हा मध्य युरोपचा तक्ता. त्या जागी पाव अपूर्णांकाचं चिन्ह दिसलं असतं, तर आयएसओ ८८५९-२, म्हणजे मध्य युरोपचाच दुसरा तक्ता, म्हटलं असतं. आणि पहिल्याच जागी गोल टोपीवाला ए येऊन एकेका अक्षराची दोन-दोन चिन्हं झाली असती, तर ती यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिपींना चालणारी यूनिकोडची पद्धत.

श्रीलिपीचा अनुभव इथे फसवतो. तिथे आकडे इंग्रजी अक्षरांचे आणि चित्रं देवनागरी, म्हणून नेमका फाँट लावला की मजकूर उभा राहायचा. इथे फाँट निर्दोष आहे, आकडा चुकीच्या तक्त्यात बघितला जातोय. फाइलीत १६३ लिहिलंय. मध्य युरोपच्या तक्त्यात १६३ म्हणजे रेघेचा मोठा एल, पश्चिम युरोपच्या तक्त्यात पाउंड. १७९ म्हणजे इकडे रेघेचा छोटा एल, तिकडे बारीक ३. तुमचं क्राकूफ वाचलं कारण तो रेघवाला ओ दोन्ही तक्त्यांत २४३ वरच आहे. नशीब त्या गावाचं.

फाइलीवर डबल क्लिक करू नका. कोरी वर्कबुक उघडा, डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'च्या यादीत १२५०, सेंट्रल युरोपियन (विंडोज) निवडा. खाली झलक येते, वुच तिथेच तपासा आणि मगच 'लोड' दाबा. ठेवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला हा ताप नको.

एक मेख आहे. १२५० आणि ८८५९-२ यांत पोलिशच्या नऊ खास अक्षरांपैकी तीनच वेगळ्या आकड्यांवर आहेत: शेपटीवाला ए, रेघवाला एस, रेघवाला झेड. चुकीचा तक्ता निवडला तरी बाकीची सहा बरोबर दिसतात आणि आपण खूश होतो. हे तीन शोधून बघाच.

रिकामटेकडा
एवढा खटाटोप कशाला? शेपट्या, रेघा छाटून टाका. पोलिश लोक स्वतःच मोबाइलवर साधी अक्षरं लिहितात. एसएमएसमध्ये एक शेपटी आली तरी १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते.

टंकवेडी
गप्पांत चालेल हो. काल आणि काळ तुम्ही एकच लिहाल का? एकाच शब्दात शेपटीवाला ए असेल तर न्यायालय, शेपटी काढली की फळबाग. रेघेच्या एलने कृपा, साध्या एलने काठी. पत्त्यात एक वेळ खपेल, पण यात माणसांची आडनावंही आहेत. माणसाचं नाव मी नाही छाटणार.

अर्धचंद्र
छाटणीही वाटते तितकी सोपी नाही. यूनिकोडमध्ये बाकीची आठ अक्षरं 'मूळ अक्षर अधिक चिन्ह' अशी सुटी होतात. रेघेचा एल सुटा होतच नाही, तो एकसंध आहे. त्यामुळे चिन्हं झाडणाऱ्या प्रोग्रॅमला हा एल कळत नाही. काही जण त्याला तसाच सोडतात, काही जण अख्खा गिळतात. वुचचं पहिलं अक्षरच गायब झालेलं मी पाहिलंय.

टंकवेडी, एखादं अक्षर टाइप करायला लागलंच तर विंडोजमध्ये 'पोलिश (प्रोग्रामर्स)' कीबोर्ड घ्या. उजवा ऑल्ट दाबून ए, ई, एल वगैरे. झेड दोन आहेत म्हणून टिंबाचा झेड झेडवर आणि रेघेचा एक्सवर ठेवलाय. दोन दिवस चुकाल, मग बोटं शिकतात.

टंकवेडी
झालं! १२५० निवडल्याबरोबर झलकीतच वुच आलं, अगदी रेघेसकट. तिन्ही अक्षरं तपासली, बरोबर आहेत.

रात्रीच्या साठ ओळी मात्र गेल्या. फाइल तशीच सेव्ह केली होती, त्यामुळे मी घातलेल्या प्रत्येक रेघेच्या एलचं प्रश्नचिन्ह झालंय आणि तिथून मागे फिरता येत नाही. मेलमधून मूळ फाइल पुन्हा उतरवून घेतली.

आणि एक गंमत. पोझनान या पोलिश शहराच्या नावातल्या शेवटच्या एनवर लाटेसारखी रेघ दिसायची, ती मी इतके दिवस बरोबरच समजत होते. पोलिश एनवर साधी तिरकी रेघ असते, ही लाट स्पॅनिशची निघाली. अशी किती पोझनानं डोळ्यांखालून गेली असतील, आता जुन्या कामांतही शोधते आहे.