लॅब्रॅडॉर द्यायचा आहे, रत्नागिरी परिसर

प्रश्न (खाडीकाठ): ४ वर्षांचा नर, ३२ किलो, नसबंदी केलेली नाही. दीड महिन्यात घर बंद करून बाहेरदेशी जायचंय. एक हापूस बागायतदार राखणीसाठी न्यायला तयार आहेत. द्यावा का? देण्याआधी काय करून ठेवू?

कातळसडा: त्यांना एकच विचारा, रात्री कुत्रा कुठे असेल? "खोपटीशी बांधू" म्हणाले तर नको. आपल्याकडे बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं ताट. शिवाय आंबा उतरला की राखणदार जातो, मग कुत्र्याला जेवण कोण घालणार? आणि लॅब्रॅडॉर राखण कसली करतोय, चोरासमोरही शेपूट हलवेल! दाराला कडी लागणारी पडवी आणि वर्षभर माणसांचा राबता असलेलं घर शोधा.

नसबंदी याच आठवड्यात उरका. टाके सुकायला १० ते १४ दिवस जातात, ते तुमच्याकडेच जाऊ देत. नसबंदी न केलेला जातिवंत नर फुकटात मिळतोय म्हटल्यावर पिल्लं विकणारे आधी फोन करतात. जाहिरातीत "फुकट" शब्द नकोच.

पागोळी: लसीची वही सोबत द्या, रेबीजची पुढची तारीख ठळक लिहून. लेप्टोची लस पावसाआधी झालेली हवी, उंदरांच्या मुताने नासलेल्या पाण्यातून तो रोग येतो. गोचिडांचं औषध कधी दिलं तेही लिहा.

खाणं एकदम बदललं की जुलाब ठरलेले. सात दिवसांचं जुनं खाणं बांधून द्या, रोज थोडं नवीन मिसळत जायचं. भातावर कांदा-लसणाची आमटी नको, काटे न काढलेली मासळीही नको. त्याची चादर न धुता पाठवा, ओळखीचा वास राहतो.

पहिले दोन-तीन आठवडे जुन्या घराकडे पळायचा धोका असतो. दोन बोटं जातील एवढाच गळपट्टा सैल, आणि बिल्ल्यावर नवीन मालकाचा नंबर. इथेच बहुतेक जण चुकतात.

खाडीकाठ: बागेचं रद्द. घरी एक पोपटही आहे, तो शेजारी मागताहेत.

कातळसडा: देशी हिरवा असेल तर देता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळणंच गुन्हा आहे. १९२६ या हेल्पलाइन नंबरवर वनविभागाला कळवून त्यांच्याकडेच द्या. पिंजरा उघडून सोडू नका, उडायची सवय मोडलेल्या पोपटाला कावळे अंगणातच टिपतात. नेताना पिंजऱ्यावर सुती कापड टाका, वारा खेळता ठेवून.