गारगोटी, डायनासोरचं अंडं आणि मुलांच्या खिशातले दगड – तुमचे अनुभव लिहा

कमाटीबागवाली:
शेजारच्या बंगल्याचं काम चाललंय, दारात रेतीचा ढीग पडलाय आणि आमची धाकटी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिथं पळते. काल मूठ उघडून दाखवली तर आत एक पांढरा दुधी दगड. "आई, हिरा?" म्हणलं नाही गं बाळा, गारगोटी. तो शब्द तोंडातून निघाला आणि मी एकदम बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या वाड्यात! लाईट गेले की मी आणि माझा चुलतभाऊ गोधडीत शिरायचो, दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचो, आतल्या आत पिवळसर उजेड चमकायचा आणि वास यायचा जळका, टिकल्या फोडल्यावर येतो तसा. आजी बाहेरून ओरडायची, घर पेटवाल मेल्यांनो.

मग मागच्या दिवाळीची ट्रिप आठवली. नाशिकला नणंदेकडे गेलो होतो, तिथून सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघायला गेलो. मनात धाकधूक होती, काचेच्या कपाटांपुढे मुलं किती वेळ टिकणार म्हणून, पण धाकटी प्रत्येक दगडाला खाऊचं नाव देत सुटली. पांढऱ्या बारीक सुयांचा गुच्छ असतो तो स्कोलेसाइट, ती म्हणे सोनपापडी. पीच रंगाचा स्टिल्बाइट म्हणजे अंजीर बर्फी. फिकट हिरव्या अपोफिलाइटसमोर मात्र गप्प उभी राहिली, नाक काचेला लावून. मोठा अकरा वर्षांचा, त्याला वेगळाच प्रश्न, की हे कोणी कापून असं टोकदार केलं? कोणीच नाही हे त्याला पटेना. मग मी ढोकळा आणला मधे. ढोकळ्याला जाळी पडते ना, तशी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. आपला सगळा दख्खनचा काळा दगड, बेसाल्ट, म्हणजे तोच लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि भिंतीवर थर चढत चढत हे स्फटिक वाढले. मोकळी जागा होती म्हणून त्यांना टोकं आली, नाहीतर नुसता गोळाच झाला असता. हे ऐकल्यावर तो परत पहिल्या कपाटापाशी गेला आणि सगळं पहिल्यापासून बघायला लागला. मला फार बरं वाटलं तेव्हा.

तुम्ही मुलांना घेऊन असं कुठं गेलाय का, दगड, स्फटिक, हाडं, अंडी काहीही? लिहा.

रावपुरा_चौक:
टिकल्यांचा वास!! अगदी अगदी. आम्ही अंगणातल्या गारगोट्या घासायचो, माझ्याकडे अजून एक आहे देवघराच्या खणात

जुळ्यांची_आई:
ढोकळ्याचं उदाहरण ढापते आहे. माझा ढोकळा तसा बेसाल्टच होतो, जाळीच पडत नाही 😄

कमाटीबागवाली:
@जुळ्यांची_आई इनो शेवटी घाला, घातलं की ढवळत बसू नका, लगेच कुकरमध्ये

वाघोलीकर:
माहेर बडोदा, आता पुण्याजवळ वाघोलीला असते. सिन्नरला कपाटात एक निळाधम्म दगड बघितला असेल बघा, मोरपिशीच्या जवळ जाणारा, कॅव्हन्साइट. नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांवरून जोडलंय. जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो आणि सगळ्यात सुंदर नमुने आमच्या वाघोलीच्या खाणींतले! लेकीला तिथं पाटीवर वाघोली वाचून दाखवलं तर ती अनोळखी लोकांना हात धरधरून सांगायला लागली, हे आमच्या घराजवळचं आहे. रोज खडीचे डंपर जातात त्यांना आपण नावं ठेवतो, आता ती खिडकीतून बघत असते निळं काही चमकतंय का.

सिग्नल_सोसायटी:
नाशिकला गाडीने गेलात की ट्रेन? आम्हाला पण जायचंय मेमध्ये, सासूबाई बरोबर आहेत, गुडघे

कमाटीबागवाली:
@सिग्नल_सोसायटी गाडीने. सापुताऱ्यावरून. घाटात मुलांना उलट्या होतात म्हणून आवळासुपारी ठेवा जवळ.

माळव्याची_लेक:
मी इंदूरची, सासर बडोदा. आमच्याकडे धार जिल्ह्यात बाग-कुक्षी भागात डायनासोरची अंडी सापडलीत, एक-दोन नाही, २०२३ मध्ये जो शोधनिबंध आला त्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी होती, टायटॅनोसॉरची, म्हणजे ते लांब मानेचे झाडपाला खाणारे. त्याच वर्षी एक बातमी पण आली होती की तिकडच्या गावात लोक शेताची राखण करणारा देव म्हणून गोल दगड पुजत होते आणि तज्ज्ञांनी ती अंडी असल्याचं सांगितलं. माझ्या मुलाने विचारलं मग आता ते पूजा बंद करणार का? मी म्हणलं कशाला बंद करायची, इतकी वर्षं त्यांनीच सांभाळली ना. बाबांना पण हे पटलं, ते पोहे खाता खाता म्हणाले की सराफ्यात उभं राहून आपण गराडू खातो आणि शंभर-दीडशे किलोमीटरवर डायनासोर नांदत होते.

माळव्याची_लेक:
आणि हो, आपल्या देशात डायनासोरचं पहिलं हाड जबलपूरला सापडलं, १८२८ मध्ये, स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला. तोच तो ठगांचा बंदोबस्त करणारा. मुलाला ठगांची गोष्ट जास्त आवडली, डायनासोर राहिले बाजूला.

शुभदा_ताई_नाही_मावशी:
शाळिग्राम! कोणीच कसं नाही लिहिलं. एका प्रदर्शनात नातीला घेऊन गेले होते, तिथं काळ्या दगडात गोल गोल वळलेला शंखासारखा ॲमोनाइट. नात मोठ्यांदा ओरडली, आजी आपला देव इथं काय करतोय? सगळे वळून बघायला लागले. आमच्या देवघरातला शाळिग्राम माझ्या आजेसासूबाईंनी आणलेला, काली गंडकीतला, नेपाळचा. खरंच तोच प्राणी आहे तो, समुद्रातला. हिमालय वर येण्याआधी तिथं समुद्र होता त्याचा गाळ म्हणजे ते दगड. हे प्राणी डायनासोरांबरोबरच संपले. आता ती रोज आंघोळ घालताना माझ्या शेजारी बसते, त्याला पाणी आवडत असेल ना म्हणते, समुद्रातला आहे ना तो. तुळशीचं पान पण तीच ठेवते. तिच्या आईला मी कधी देवापाशी बसवू शकले नव्हते.

रावपुरा_चौक:
@शुभदा_ताई_नाही_मावशी मावशी काय लिहिलंत 🙏 त्याला पाणी आवडत असेल!

भूशास्त्रवाला_आजोबा:
बडोद्यात राहून रायोलीचा उल्लेख कोणी केला नाही याचं आश्चर्य वाटलं. बालासिनोरजवळ, गाडीने दोन-अडीच तास. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना तिथे हाडं मिळाली, पुढे त्यांचा अभ्यास होऊन २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव जाहीर झालं, डोक्यावर बुटकं शिंग असलेला मांसाहारी. म्युझियम २०१९ मध्ये झालं. मी दोन्ही नातवांना नेलं होतं, पण त्यांना म्युझियमपेक्षा बाहेरचं मोकळं रान आवडलं, तिथे खडकातच हाड दिसतं, हात ठेवता येतो. धाकटा हात ठेवून डोळे मिटून उभा राहिला. मी विचारलं काय करतोस, म्हणाला ऐकतोय.

त्यांना मी तिथे सापाची गोष्ट सांगितली. त्याच भागात ढोली डुंगरी म्हणून गाव आहे, तिथे १९८४ मध्ये आपले भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना अंड्यांशेजारी बारीक हाडं मिळाली. आधी वाटलं सगळी डायनासोरच्या पिलाचीच. बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतल्या जेफ विल्सन यांनी तो दगड बघितला तेव्हा लक्षात आलं की त्यात सापाचे मणके आहेत. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी अर्ध्या मीटरचं पिलू, आणि बहुतेक त्याच क्षणी वरून गाळ आला आणि सगळे तसेच गाडले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, सापाचं नाव सनाजे इंडिकस. मुलांना सांगा की आधी वेगळं वाटलं होतं आणि मग दुरुस्त केलं, हे सुद्धा सांगा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शास्त्र म्हणजे पाटीवरचं पाठांतर असं त्यांना वाटायला नको.

जुळ्यांची_आई:
ऐकतोय 😭😭 आजोबा

जुळ्यांची_आई:
आमचा अनुभव उलटा. एका ठिकाणी गेलो होतो, नाव नाही घेत, माणूस मागे मागे फिरत होता, हात लावू नका, पुढे चला, पुढे चला. वीस मिनिटांत बाहेर. दोघं एवढी हिरमुसली की गेटपाशी पायऱ्यांवर बसून राहिली आणि तिथल्या खडीतच दगड शोधायला लागली. तास गेला त्यात. मी हाक नाही मारली. शेवटी दोघांना एकेक चकाकणारा मिळाला.

दप्तरदार:
माझे वडील कालव्याच्या कामावर होते. सुरुंग लावून खडक फोडला की आतनं कधीकधी पोकळी निघायची, स्फटिकांनी भरलेली. ते रुमालात बांधून आणायचे, आम्ही त्याला फुलं म्हणायचो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली. वडील गेल्यावर घर आवरताना तो डबा भंगारात गेला, कोणाच्या लक्षातच आलं नाही. मुलगी झाल्यावर तिला सिन्नरला घेऊन गेलो ते खरं माझ्याचसाठी. तिथं एक पांढरा गुच्छ होता हुबेहूब आमच्या डब्यातल्यासारखा, खाली नाव लिहिलेलं, मेसोलाइट. चाळीस वर्षांनी त्या फुलाचं नाव कळलं. मुलगी विचारत होती बाबा काय झालं, मला सांगता येईना.

शुभदा_ताई_नाही_मावशी:
@दप्तरदार तिला सांगा हो हे सगळं. रुमालासकट सांगा.

कमाटीबागवाली:
@दप्तरदार वाचून गलबलून आलं. मी लेकीचा आईस्क्रीमचा डबा फेकणार होते, दगडांनी भरलाय म्हणून. नाही फेकत.

खंबातची_सून:
उशिरा आले, पाहुणे होते. आमच्याकडे खंबातला अकीकचं काम चालतं अजून, दगड येतो राजपिपळ्याकडच्या रतनपूरहून. मातकट रंगाचा असतो, मडक्यात घालून तापवतात मग त्यातल्या लोहामुळे लालभडक होतो. सिंधू संस्कृतीतले मणी असेच करायचे म्हणतात ना, लोथल पण इकडेच की. पुतणे सुट्टीत आले की त्यांना मणी भोक पाडायचं काम दाखवायला नेते, म्युझियमपेक्षा तिथं जास्त वेळ बसतात. धूळ फार असते मात्र, ती फुप्फुसात जाते आणि कारागिरांना सिलिकोसिस होतो, मुलांना तोंडावर रुमाल बांधायला लावते आणि का ते पण सांगते. माळ घेताना घासाघीस नका करू कोणी प्लीज.

सिग्नल_सोसायटी:
ट्रेनचं कोणी सांगितलं नाही

वाघोलीकर:
@सिग्नल_सोसायटी ट्रेनने मुंबईकडून वळसा पडेल हो, सासूबाईंना गाडीच बरी

रावपुरा_चौक:
लांब जाणं होत नसेल तर आपलं कमाटीबागेतलं म्युझियम आहेच की. तो देवमाशाचा सांगाडा, १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेला. मी पाच वर्षांचा असताना बाबांच्या खांद्यावर बसून बघितला, परवा माझा मुलगा माझ्या खांद्यावर होता. मग टॉय ट्रेन, मग शेव-उसळ, ठरलेलं.

कमाटीबागवाली:
आत्ता जेवणं झाली. सगळे दिवे घालवले, धाकटीला गोधडीत घेतलं, रेतीतल्या दोन गारगोट्या घासल्या. पहिल्यांदा काहीच नाही, हात दुखले. मग चमकली. "आई, आत दिवा आहे!!" मोठा बाहेरून विचारतोय वास कसला येतोय. चुलतभावाला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवलाय, तो कॅनडात, तिकडे सकाळ असेल.

भूशास्त्रवाला_आजोबा:
डोळ्यांना चष्मा लावा घासताना, कपची उडते. रविवारी रायोलीला कोण कोण येतंय? माझ्या गाडीत तीन मुलांची जागा आहे.

जुळ्यांची_आई:
दोन माझी!! डबा मी आणते, ढोकळा सोडून काहीही