पोटापुरती शेती म्हणजे फक्त जादा माणसांचं कोठार?

वरकस
अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांची ‘मजुरांचा अमर्याद पुरवठा’ ही १९५४ सालची मांडणी विकासाच्या अर्थशास्त्रात आजही शिकवली जाते. गरीब देशात दोन क्षेत्रं असतात. एक भांडवली, म्हणजे गिरण्या, खाणी, मळे. दुसरं पोटापुरतं, जिथे पिकतं ते घरीच खाल्लं जातं. या दुसऱ्या क्षेत्रात माणसं इतकी जादा की काही उठून गेली तरी पीक घटत नाही. गावात पोटाला मिळतं त्याहून साधारण ३० टक्के जास्त मजुरी दिली की माणसं येत राहतात. मजुरी वाढत नाही, नफा वाढतो आणि नफ्यातून नव्या गिरण्या उभ्या राहतात. मजुरी जगण्यापुरतीच राहते, हा जुना अर्थतज्ज्ञ रिकार्डो याचाच धागा पुढे नेलेला.

माझा आक्षेप असा, की यात शेती फक्त माणसं पुरवते. ती गिरणीला आणखी काय देत होती ते हिशोबात येतच नाही. रत्नागिरी आणि गिरणगाव घ्या. गडी मुंबईत गाळ्यात दाटीवाटीने राहणार, खानावळीत जेवणार. बायको, पोरं, म्हातारे गावी. भात, नाचणी, वरी घरची. पुढच्या पिढीचा कामगार वाढवायचा, आजारी पडलेल्याला सांभाळायचं, म्हातारपणी त्याला पोसायचं, हे सगळं गावाने केलं. मालकाने पगार दिला एका माणसाच्या पोटाचा. १९२८ चा गिरणी संप जवळजवळ सहा महिने चालला. तेव्हा कितीतरी कामगार गावी जाऊन राहिले. १९८२ च्या संपातही तेच झालं.

बंदरकाठ
साफ असहमत. गावाने पोसलं म्हणता, पण गाव कुणाचं होतं? खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं. अर्धेलीने कसायचं आणि निम्मं पीक त्याच्या खळ्यावर टाकायचं. उरलेलं वर्षभर पुरत नव्हतं म्हणून तर माणसं बोटीत चढली. पैसा उलट दिशेने वाहत होता. मनीऑर्डर आली की खोताची बाकी फिटायची आणि वाण्याकडून दाणे यायचे. लुईस बरोबरच होते, गावात भागत नव्हतं. कोकणातल्या दारिद्र्याला गावाने गिरणीला दिलेलं अनुदान म्हणणं मला पटत नाही.

तिठा
भागत नव्हतं हे खरं, पण का भागत नव्हतं? दक्षिण ऱ्होडेशियावर, म्हणजे आजच्या झिंबाब्वेवर, अभ्यासक जोव्हान्नी अरिगी यांनी काम केलंय. सुरुवातीला तिथले आफ्रिकी शेतकरी खाणींना धान्य विकत होते, मजुरीला यायला तयार नव्हते. मग १८९४ पासून दर झोपडीमागे कर आला, रोखीत भरायचा. १९३० च्या कायद्याने निम्म्याच्या आसपास जमीन गोऱ्यांसाठी राखली गेली. तेव्हा कुठे मजूर ‘अमर्याद’ झाले. आणि लुईस यांना हे ठाऊक होतं! साम्राज्यवाद्यांनी आफ्रिकेत जमीन बळकावून, वेठ लावून, कर बसवून पोटापुरती शेती खिळखिळी केली, असं त्यांनी त्याच लेखात लिहिलंय.

मोहोर
‘पीक घटत नाही’ यावर कुणीच बोललं नाही. का घटत नाही? अमर्त्य सेन यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की माणूस गेल्यावर मागे राहिलेले जास्त राबले तर पीक टिकतं. म्हणजे जादा होती ती माणसं नव्हेत, फार तर त्यांच्या श्रमाचे काही तास.

आता ते तास कुणी भरले ते पाहा. भाताच्या रोपांसाठी हिवाळ्यापासून कवळ, म्हणजे झाडांचा डहाळा, तोडून वाळवायचा, शेण-पातेरा पसरायचा, वर माती टाकून पावसाआधी तो राब भाजायचा. त्या भाजलेल्या जागेत दाढ, म्हणजे रोपांसाठीचं भात, पेरायची. रोप हाताशी आलं की इरलं पाठीवर घेऊन, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, वाकून आवण, म्हणजे ते रोप, लावायचा. नांगराला गडी नाही म्हणून शेजाऱ्याचा नांगर, आणि त्या बदल्यात त्याच्या शेतात आणखी लावणी. नवरा मुंबईत असताना हे त्या बाईने केलं, आणि सिद्धांतात तेवढंच उतरलं: उत्पादनात घट नाही. मला याचा राग येतो. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही घरकाम सांभाळून लाकूडफाटा, चारा आणणाऱ्या बाईला ९३ हा संकेतांक मिळतो आणि ती श्रमशक्तीबाहेर धरली जाते.

बंदरकाठ
बायकांच्या कष्टांबद्दल वाद नाही. तिठा, कोकणात जमीन गोऱ्यांसाठी राखली नव्हती, ते उदाहरण इथे लागू करू नका.

वरकस, तुम्हाला एकच विचारतो. घरच्या नाचणीमुळे मालकाला मजुरी कमी देता आली असेल, तर ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला जास्त द्यावी लागायला हवी होती. झालं उलटंच. दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण मागावरच्या धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि विटाळाची भीती. पगार जास्त होता तो तिथेच. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा लावून धरला होता. त्यांच्यातले कितीतरी भूमिहीन होते. त्यांना कुठली नाचणी पुरवत होती?

वरकस
कुठलीच नाही, आणि म्हणूनच त्यांचे हाल सगळ्यात जास्त झाले. मालक प्रत्येकाचा सातबारा बघून पगार देत नसतो. गावी दाणे असलेले हजारो जण ज्या दराला तयार होतात, तो खात्याचा दर होतो, आणि पाठीशी शेत नसलेल्यालाही तोच घ्यावा लागतो. त्याची तूट सावकाराकडून भरून निघाली. तुम्ही सांगितलेल्या जातीच्या भिंतीने त्याला वरच्या खात्यातही जाऊ दिलं नाही. लुईसच्या मांडणीत जादा मजुरांचा एकच ढीग आहे. त्यात जमीनवाला, भूमिहीन आणि गावी राहिलेली बाई सगळे सारखेच. माझा आक्षेप त्यालाच आहे.