सोसायटीचे निर्णय व्हॉट्सॲप पोलवर? माझा सपशेल विरोध

मेहरूणकर
परवा इथे एकाने लिहिलं, "सभा कशाला? पोल टाका, दहा मिनिटांत निकाल." राहवलं नाही म्हणून लिहितोय. जळगावात आमच्या 24 घरांनी गच्चीवर सोलर बसवायचं असंच ठरवलं. 15 मतं 'हो'. पॅनल आले तेव्हा कळलं, बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि कुरडया वाळवायला जागाच उरत नाही. पोलमध्ये तो प्रश्नच नव्हता! आता आम्ही गोल बसतो, ओळीने प्रत्येकाला दोन मिनिटं, मोबाइलवर टायमर. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही.

धुळेकर
गोल बसायला आधी माणसं आणा. आमच्या उपविधीप्रमाणे कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 20; येतात नऊ. अर्धा तास थांबायचं, सभा तहकूब, मग त्याच नऊ जणांनी ठरवायचं. पोलवर 31 जणांनी मत दिलं. मे महिन्यात 44 अंशांत कोण येतंय सभेला?

बिबडीवाली
31 जण म्हणजे कोण हो? ग्रुपवर घरटी एक नंबर, तोही नवऱ्याचा. पहाटे चारला उठून घाटा आम्ही शिजवतो, ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर बिबड्या आम्ही थापतो. गच्चीचं मत मात्र ते देणार.

वीजबिल
बिबड्या विकत मिळतात. लिफ्ट-पंपाचं बिल कोण भरणार? पॅनल उंच स्टँडवर घ्या, खाली वाळवा.

बिबडीवाली
सावलीत बिबडी वाळते होय? बुरशी धरते. आणि विकत मिळतात त्या आमच्यासारख्या बचत गटांच्याच! उन्हाळ्याच्या त्या पैशातून माझ्या मुलीची फी भरली जाते. तुमचं बिल तेवढं खरं, आमची कमाई नाही?

वीजबिल
कमाईचं माहीत नव्हतं. तरी पूर्ण गच्ची अडवणं मला पटत नाही.

नंदुरबारचा होस्टेलवाला
आमच्या मेसमध्ये हात वर करायला सांगितलं की सगळे गप्प. आचारी समोरच उभा. मग स्टीलचा डबा ठेवला, चिठ्ठीवर नाव नाही. पहिल्याच दिवशी 17 चिठ्ठ्या, बहुतेक कच्च्या पोळ्यांच्या. तुमच्या पोलवर कुणी काय मत दिलं ते सेक्रेटरीला दिसतं, तिथं खरं कोण लिहील?

धुळेकर
चिठ्ठ्यांचं मान्य. पोल वाईट हे अजूनही मान्य नाही.

मेहरूणकर
30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीच आहे. गच्चीचा विषय घालायला लावतो. डबा पंधरा दिवस आधी जिन्याखाली ठेवू.

बिबडीवाली
ठेवा. आणि सभा रात्री नऊला घ्या. सातला तुम्ही खुर्च्या मांडता तेव्हा आम्ही भाकरी थापत असतो.